आवाजाचे आकडे

पेटीवर मधल्या सप्तकातली पांढरी सहा दाबली की तिचा सूर सेकंदाला सुमारे 440 वेळा कंप पावतो. हवेतून आलेली ही कंपनं मायक्रोफोनच्या पातळ पडद्याला हलवतात आणि त्या हालचालीबरहुकूम विजेचा दाब कमी-जास्त होतो. संगणकाचं काम इथून पुढे सुरू होतं.

संगणक फक्त आकडे साठवतो. त्यामुळे साउंड कार्डावरची चिप त्या दाबाचं ठरावीक वेळाने माप घेत राहते. सीडीसाठी अशी मापं सेकंदाला 44,100 वेळा घेतली जातात. म्हणजे पांढरी सहाच्या एकेका कंपनाची जवळजवळ शंभर मापं झाली! प्रत्येक माप 65,536 पायऱ्यांपैकी सर्वांत जवळच्या पायरीवर बसवून 16 बिटांत लिहिलं जातं.

मग दोन मापांच्या मधला आवाज हरवतो का? नाही. आवाजातल्या सर्वांत उंच वारंवारतेच्या दुपटीहून अधिक वेगाने मापं घेतली, तर त्यांवरून मूळ लाट पुन्हा उभी करता येते. हॅरी नायक्विस्ट यांच्या 1928 च्या कामाच्या आधारे क्लॉड शॅनन यांनी 1949 मध्ये हे गणिताने मांडलं. माणसाला फार तर 20,000 हर्ट्‌झपर्यंत ऐकू येतं, म्हणून 44,100 पुरतात. मापांच्या वेगाच्या निम्म्याहून उंच वारंवारता मात्र माप घेण्याआधीच गाळाव्या लागतात. नाहीतर त्या खालच्या सुरांचं सोंग घेऊन आत शिरतात आणि पुढे वेगळ्या काढता येत नाहीत.

वाजवताना सगळं उलट घडतं. आकड्यांवरून विजेचा दाब तयार होतो, फिल्टर त्यातल्या पायऱ्या घालवतो आणि स्पीकरचा पडदा पुन्हा हवा हलवतो.

सीडीच्या दर्जाच्या एका मिनिटाला साधारण दहा एमबी जागा लागते. 128 केबीपीएसची एमपीथ्री फाइल हीच जागा अकराव्या हिश्श्यावर आणते. मोठ्या आवाजाखाली झाकले जाणारे बारीक आवाज आपल्याला ऐकू येत नाहीत; त्यांचा तपशील ती टाकून देते. टाकलेला तपशील मात्र कधीच परत मिळत नाही.

म्हणूनच एक कळकळीची विनंती. आजीच्या ओव्या, वडिलांचं भाषण, गावातली एखादी मैफल अशा कॅसेट कपाटात असतील, तर फिती खराब होण्याआधी त्या संगणकावर घ्या. रेकॉर्डिंग 24 बिटांत करा, लेव्हल लाल रेषेच्या बरीच खाली ठेवा. ती रेषा ओलांडली तर लाटेची टोकं कापली जातात, आणि एकदा कापली गेलेली टोकं पुन्हा जुळत नाहीत. मूळ फाइल वेव्ह किंवा फ्लॅकमध्ये जपा, एमपीथ्री फक्त नातेवाइकांना पाठवायला करा. आणि मूळ फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा.