जुनी मराठी फाईल नव्या कॉम्प्युटरवर उघडली की अक्षरांची खिचडी का होते?

विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि अनेकांनी जुना कॉम्प्युटर बदलला. डीटीपीच्या दुकानांत, छोट्या छापखान्यांत, घरी बसून कविता-आठवणी टाईप करणाऱ्यांकडे त्यानंतरचा प्रसंग जवळपास ठरलेला. वीस वर्षांपूर्वीची फाईल पेनड्राइव्हवरून नव्या मशीनवर घेतली, डबल क्लिक केलं आणि मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं! पहिला संशय व्हायरसवर जातो. पण फाईल बहुतेक वेळा ठणठणीत असते.

मग मराठी गेलं कुठे? तर ते फाईलमध्ये कधी नव्हतंच.

युनिकोड रुळण्याआधी फॉन्ट बनवणाऱ्यांनी एक जुगाड केला होता. इंग्रजी अक्षराच्या खणात देवनागरीचा आकार बसवायचा. कृतिदेव फॉन्टमध्ये 'राम' टाईप केलं, तर फाईलमध्ये साठतात ती जे, के, ई ही तीन इंग्रजी अक्षरं. त्यांचे र, काना आणि म करून दाखवतो तो फॉन्ट. फॉन्ट नाही, तर राम नाही! त्यातही पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी वेगळी, सीडॅकच्या आयएसएमचे फॉन्ट वेगळे. खणांची मांडणी ज्याची त्याची. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा कायमचा क्रमांक असतो, त्यामुळे फॉन्ट बदलला तरी मजकूर तोच राहतो.

आता तुम्ही म्हणाल, जुना फॉन्ट नव्या मशीनवर टाकला की झालं. वर्डची फाईल असेल तर बहुतेकदा खरंच होतं. पेजमेकरची असेल तर मात्र गाडी अडते. पेजमेकरची शेवटची आवृत्ती 7.0, तीही 2001 ची. इनडिझाइन सीएस6 पर्यंत पेजमेकरच्या फाईल उघडत असे, त्यापुढच्या आवृत्त्या उघडत नाहीत. शिवाय विंडोज 11 फक्त 64 बिट आहे आणि त्यावर 16 बिट प्रोग्रॅम चालतच नाहीत. गंमत म्हणजे नव्वदच्या दशकातली कित्येक सॉफ्टवेअर 32 बिट होती, पण त्यांचा इन्स्टॉलर 16 बिट. म्हणजे सॉफ्टवेअर चाललं असतं, पण ते बसवणार कसं?

डाँगलचं दुखणं आणखी वेगळं. जुनी काही सॉफ्टवेअर मागच्या 25 पिनांच्या पोर्टला डाँगल लावल्याशिवाय उघडत नसत. नव्या लॅपटॉपला ते पोर्टच नाही. बाजारात मिळणारा यूएसबी कन्व्हर्टर बहुधा फक्त प्रिंटरसाठी असतो, त्याला डाँगल दिसत नाही.

त्यामुळे जुनं मशीन अजून सुरू होत असेल, तर ते भंगारात द्यायची घाई करू नका. आधी फॉन्टचं अख्खं फोल्डर, सॉफ्टवेअरच्या सीडी आणि लायसन्स नंबर बाहेर काढून ठेवा. जुनं मशीन उद्या बंद पडलं तरी व्हर्च्युअलबॉक्ससारख्या मोफत सॉफ्टवेअरने नव्या मशीनच्या पोटात जुनं विंडोज चालवता येतं; त्याला इंटरनेट मात्र जोडू नका, कारण त्याचे सुरक्षा अपडेट कधीच थांबलेत. पीडीएफ करून ठेवणं हाही बरा उपाय आहे, पण अर्धाच. पान जसंच्या तसं दिसेल, त्यातला मजकूर कॉपी केला की बहुतेकदा पुन्हा तीच खिचडी. शोधायला गेलात तर 'राम' सापडणार नाही.

खरा इलाज म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये आणणं. कन्व्हर्टर त्याच फॉन्टसाठीचा हवा. आणि सगळ्या फाईल एकदम घालण्याआधी एक पान करून बघा. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टाईप व्हायचा. युनिकोडमध्ये दोन्ही उलट. कन्व्हर्टर इथेच घसरतात. म्हणून त्या पानात 'आर्थिक', 'धार्मिक' असे शब्द शोधा. ते नीट आले, तर पुढच्या फाईल घ्या.