मॅच आता फुकट का दिसत नाही?





क्रिकेटचा मोसम सुरू झाला की शाळेत एक प्रश्न हमखास कानी पडतो : "मॅच कशावर आहे?" प्रश्न साधा वाटतो, पण त्याचे उत्तर आता सोपे राहिलेले नाही. २८ सप्टेंबर २०२५ रोजी आशिया चषकाचा भारत-पाकिस्तान अंतिम सामना मोबाईलवर सोनी लिव्हने दाखवला. चारच दिवसांनी, २ ऑक्टोबरला, अहमदाबादेत वेस्ट इंडीजविरुद्धची कसोटी सुरू झाली, ती जिओहॉटस्टारवर. संघ तोच आणि प्रेक्षकही तेच, पण वर्गण्या मात्र दोन. घरोघरी यावरून कुरकुर चालू आहे आणि ती रास्त आहे. पण कुरकुर करण्याआधी हे असे का झाले ते समजून घ्यावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

सामना दाखवण्याचा हक्क ही विकाऊ वस्तू आहे. क्रिकेट मंडळ लिलाव करते आणि सर्वात मोठी बोली लावणारी कंपनी हक्क घेते. आय.पी.एल.च्या २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या हक्कांचा लिलाव जून २०२२ मध्ये झाला. त्यात टी.व्ही. आणि मोबाईल-इंटरनेट यांचे हक्क वेगवेगळे विकले गेले आणि एकूण ४८,३९० कोटी रुपये आले. विद्यार्थी मित्रांनो, येथे वही-पेन्सिल घ्या. त्या वेळी पाच वर्षांत ४१० सामने धरले होते. भागाकार केला की एका सामन्याचे सुमारे ११८ कोटी होतात. टी-२० सामन्यात दोन्ही डावांचे मिळून २४० चेंडू धरले, तर एका चेंडूची किंमत जवळपास ४९ लाख रुपये पडते. एवढा पैसा ओतणारी कंपनी तो जाहिरातदारांकडून वसूल करणार, आणि तेवढ्याने भागले नाही तर तुमच्या-आमच्याकडून.

मग २०२३ आणि २०२४ मध्ये आय.पी.एल. जिओसिनेमावर फुकट कशी दिसली? तेव्हा दोन बड्या कंपन्यांत चढाओढ होती. एकीने फुकट दाखवून गिऱ्हाईक जमवले. मग २०२३ चा आशिया चषक व विश्वचषक दुसऱ्या कंपनीनेही मोबाईलवर फुकट दाखवला. नोव्हेंबर २०२४ मध्ये या दोन्ही व्यवसायांचे एकत्रीकरण झाले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये जिओहॉटस्टार सुरू झाले. चढाओढ संपली, तशी फुकटची सोयही संपली. बाजारात दोन दुकाने असली की भाव उतरतो आणि एकच उरले की चढतो, हे अर्थशास्त्र आपल्या सियागंजातला कोणताही व्यापारी सांगेल. २०२५ च्या हंगामात काही मिनिटे फुकट दाखवून पुढे पैसे मागितले जाऊ लागले. सुरुवातीला मोबाईलसाठी तीन महिन्यांना १४९ रुपये असा दर होता.

कोणी म्हणेल, १४९ रुपये म्हणजे काय मोठे? ज्या घरात तीन मुलांमध्ये एक मोबाईल आहे आणि त्याचा रिचार्जही महिना पाहून होतो, त्या घराला विचारा. ३ जून २०२५ रोजी आपल्या इंदूरच्याच रजत पाटीदारच्या नेतृत्वाखाली बंगळुरूच्या संघाने पहिल्यांदा आय.पी.एल. जिंकली. ज्या गावाने होळकर संघाला चार वेळा रणजी करंडक जिंकताना पाहिले, कर्नल सी. के. नायडूंना आपले मानले, त्या गावातल्या पोराला आपल्याच गावच्या कप्तानाचा सामना पाहायला पैसे मोजावे लागावेत, ही गोष्ट आम्हाला खटकते. खेळ मुळात पाहून शिकला जातो. बॅट हाती येण्याआधी मूल कोणाला तरी खेळताना पाहते.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. हक्कांचा पैसा खेळातही येतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारताच्या महिला खेळाडूंना पुरुषांइतकेच सामना-मानधन जाहीर झाले, ते मंडळाची तिजोरी भरलेली होती म्हणून शक्य झाले. तेव्हा पैसा घेऊच नये असे आमचे म्हणणे नाही. प्रश्न इतकाच की, सर्वांसाठी एक दार उघडे राहते की नाही?

तसे एक दार आहे आणि ते पुष्कळांना ठाऊक नाही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने बंगाल क्रिकेट संघटनेच्या खटल्यात निकाल दिला की, प्रक्षेपण ज्यांवरून होते त्या आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. पुढे जानेवारी २००७ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्धच्या मालिकेवरून वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला आणि दूरदर्शनला सात मिनिटे उशिराने सामना दाखवण्याची मुभा मिळाली. सात मिनिटांनी शिळा झालेला षटकार कोणाला गोड लागणार? त्याच वर्षी संसदेने कायदा केला. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे थेट चित्रण खासगी वाहिनीने प्रसार भारतीला त्याच वेळी दिलेच पाहिजे. त्यावरील जाहिरातींच्या उत्पन्नातला ७५ टक्के वाटा खासगी वाहिनीला आणि २५ टक्के प्रसार भारतीला. ऑलिंपिक, आशियाई व राष्ट्रकुल स्पर्धा आणि भारताच्या पुरुष संघाचे एकदिवसीय व टी-२० सामने या यादीत येतात. आय.पी.एल. येत नाही.

यात एक मेख आहे. ऑगस्ट २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार हे चित्रण दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणावर आणि डी.डी. फ्री डिशवरच दाखवता येते, केबलवर नाही. म्हणून केबलवाल्या घरात दूरदर्शन लावले तर मॅचच्या जागी भलताच कार्यक्रम दिसतो. फ्री डिशला छत्री आणि डबा एकदाच घ्यावा लागतो, दरमहा काही भरावे लागत नाही. हा कायदा केबल-छत्रीच्या काळातला आहे आणि मोबाईल ॲपसाठी तशी तरतूद नाही. ती व्हावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तोवर आपण काय करावे?

पालकांनी वर्गणी भरण्यापूर्वी सामना राष्ट्रीय यादीतला आहे का ते पाहावे. तसा असेल तर फ्री डिश पुरेशी आहे. "फुकट मॅच" म्हणून येणाऱ्या अनोळखी लिंका मुलांनी उघडू नयेत. त्या चोरीच्या असतात आणि त्यातून फोनमधली माहिती व बँकेतला पैसाही जाऊ शकतो. आकाशवाणीचाही विसर पडू नये. हिंदी समालोचनाला घरोघरी पोहोचवणारे पद्मश्री सुशील दोशी इंदूरचेच. आमच्या पिढीने कितीतरी सामने कानांनीच पाहिले.

विश्वस्त मंडळाला आमची विनंती आहे की, शाळेच्या सभागृहात एक फ्री डिश बसवावी. सुट्टीच्या दिवशी भारताचा सामना असला की सभागृह विनामूल्य उघडावे. खर्च एकदाच होईल आणि बाके आपल्याकडे आहेतच. भारत जिंकला की राजवाड्यावर सारे इंदूर लोटते. तिथे कोणी तिकीट विचारत नाही. त्या गर्दीत नाचणाऱ्या आपल्या प्रत्येक विद्यार्थ्याने सामनाही पाहिलेला असावा, एवढीच अपेक्षा.