बलकाची रक्तातली चाहूल

कोकणात वेळासच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवाची मादी एका खेपेस शंभराच्या आसपास अंडी घालते. एवढ्या अंड्यांचा बलक येतो कोठून? अंडाशयात तो केवळ साठतो. त्याचा कच्चा माल यकृतात तयार होतो. इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा इशारा मिळताच यकृत व्हायटेलोजेनिन नावाचे प्रथिन बनवते व ते रक्तावाटे अंडाशयात पोचते. त्यामुळे मानेतून थोडे रक्त घेतले, की मादीची अंड्यांची तयारी चालू आहे का, हे कळते. प्रतिपिंडे वापरून द्रवाला रंग आणतात आणि तो किती प्रकाश शोषतो ते मोजतात. (येथेही भौतिकी आलीच!)

खरी गंमत नराची. हे प्रथिन त्याचे यकृतही बनवू शकते, पण त्याला पुरेसा इशारा मिळत नसतो. मग नराच्या रक्तात ते भरपूर सापडले तर? पाण्यात इस्ट्रोजेनची नक्कल करणारे रसायन असावे, असा संशय घ्यावा लागतो. इंग्लंडमध्ये सांडपाण्यात पिंजऱ्यांत ठेवलेल्या नर ट्राउट माशांत असेच घडल्याचे १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रौढ नर कासव लांब शेपटीवरून ओळखता येते; पिल्लू नर की मादी, हे बाहेरून कळत नाही. पण वयात न आलेल्या मादीच्या रक्तातही हे प्रथिन भरपूर असण्याचे कारण नाही. तेव्हा पिल्लाच्या बाबतीत ही अडचण आड येत नाही.