नोकरी करता करता पुन्हा कॉलेज: फी भरण्याआधीचं गणित

आजचा भाग माझ्या चुलतभावामुळे झालाय. दादा बारामती एमआयडीसीत कामाला आहे, डिप्लोमा मेकॅनिकल. इंदापूरहून रोज पन्नासेक किलोमीटर जाऊन-येऊन करतो. गाळप हंगामात निमगाव केतकी, लासुर्णे, भवानीनगर करत उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकला, की घरी यायला नऊ वाजतात.

परवा त्याचा फोन आला. "अरे, एकजण वर्षात डिस्टन्स बीटेक करून देतोय. कॉलेजला जायचं नाही, फक्त परीक्षेला. उद्या दहा हजार टोकन भरतोय."

मी म्हटलं, "दादा, थांब. एक रुपयाही देऊ नकोस."

कारण इंजिनिअरिंगची पदवी दूरशिक्षणाने घेता येत नाही. चार अभिमत विद्यापीठांनी अशा पदव्या दिल्या होत्या. 3 नोव्हेंबर 2017 ला सुप्रीम कोर्टाने 2001 ते 2005 मध्ये प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित केल्या आणि त्यांना पुन्हा परीक्षा द्यायला लावली. त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या तर थेट रद्द! म्हणजे नोकरी, प्रमोशन सगळं मिळाल्यावर कागद हातातून गेला.

मग दादाने काय करायचं? एआयसीटीईने 2023-24 पासून नोकरदारांसाठी वेगळ्या बॅचची सोय केली आहे. वर्ग संध्याकाळी किंवा सोयीच्या वेळी, डिप्लोमावाल्यांना थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. पण सगळ्या कॉलेजांना ही परवानगी नसते. म्हणून आधी कॉलेजात जाऊन विचारायचं, "नोकरदारांच्या बॅचला यंदाची मान्यता आहे का?" आणि पत्र बघायचं.

बीए, बीकॉम, एमबीए, एमसीए असं काही करायचं असेल तर मुक्त विद्यापीठ चांगलं. दिल्लीचं इग्नू 1985 चं, आपलं नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 चं. मान्यता असलेल्या कोर्सची पदवी नेहमीच्या पदवीइतकीच धरली जाते, हे यूजीसीने 2022 मध्ये स्पष्ट केलंय. मात्र यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या वेबसाइटवर विद्यापीठ, कोर्स आणि वर्ष, तिन्ही बघा. आता प्रवेशाआधी 'डेब आयडी' लागतो. तो स्वतःच काढायचा, ओटीपी कुणालाही द्यायचा नाही.

आता दुसरी अडचण, आणि इथे मी स्वतः आपटलोय. माझं बीटेक मेकॅनिकलचं, नोकरी सॉफ्टवेअरमध्ये. म्हणून इग्नूच्या एमसीएला प्रवेश घेतला. वाटलं, शनिवार-रविवारी उरकू. पहिल्या सेमिस्टरला निम्मेच पेपर दिले. ऐन परीक्षेत ऑफिसचं रिलीज आलं, असाइनमेंट राहिल्या. महिनाभर घरी कुणाला सांगितलंच नाही. वाटलं, आपलं डोकंच आता चालत नाही.

नंतर कागदावर हिशोब मांडला. इग्नूमध्ये एक क्रेडिट म्हणजे साधारण 30 तासांचा अभ्यास. एमसीए 80 क्रेडिटचं, म्हणजे 2400 तास. दोन वर्षांत करायचं तर आठवड्याला 23 तास! माझ्याकडे खरे तास होते दहा-बारा. म्हणजे डोकं ठीक होतं, हिशोब चुकला होता. हेच चार वर्षांवर पसरलं तर आठवड्याला साडेअकरा तास होतात, आणि इग्नू तेवढी मुदत देतं. आता रोज सकाळी दीड तास आणि रविवारी थोडं जास्त, एवढंच करतो. उशीर होईल, पण होईल.

तुम्हीही प्रवेशाआधी दोन आठवडे रोजचे रिकामे तास मोबाइलमध्ये लिहून ठेवा. ठरवलेले नाहीत, खरोखर मिळालेले. शिफ्ट, प्रवास, घरची कामं धरून जे उरेल त्यावर कोर्सची मुदत ठरवा. आणि घरच्यांना आधीच सांगा, परीक्षेच्या आठवड्यात लग्नाला येणार नाही म्हणून!

दादाने टोकन भरलं नाही. रविवारी आम्ही दोघं त्याच्या शिफ्टचा तक्ता घेऊन बसलो. आठवड्याला नऊ तास निघाले. संध्याकाळच्या बॅचला ते पुरणार नाहीत, म्हणून तो आधी जनरल शिफ्ट मागणार आहे. काकू मधेच म्हणाल्या, "या वयात कसलं कॉलेज?" दादा एकतीसचा आहे. तो हसून म्हणाला, "आई, अजून सत्तावीस वर्षं नोकरी करायचीय."

तुमच्या ओळखीत कुणी अशी फी भरायला निघालं असेल, तर हा भाग आजच पाठवा. भेटू पुढच्या भागात!