कुंपणच शेत खाऊ लागले तर

शेताचे रक्षण व्हावे म्हणून शेतकरी कुंपण घालतो. पण ते कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद कोणाकडे मागावयाची? आपल्या भाषेतील ही म्हण राज्यकारभारालाही तंतोतंत लागू पडते. चोराला शिपाई धरतो. शिपायाने आगळीक केली तर त्याला न्यायासनापुढे उभे करता येते. परंतु ज्याच्या आज्ञेत सैन्य आहे आणि ज्याच्या सहीने मोठमोठे अधिकारी नेमले जातात, त्या राष्ट्रप्रमुखानेच अधिकाराचा दुरुपयोग केला, तर त्याला जाब कोणी विचारावयाचा?

पूर्वीच्या राजेशाहीत या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नव्हते. जुलूम असह्य झाला म्हणजे प्रजेपुढे बंड, कट किंवा खून याखेरीज मार्ग उरत नसे; आणि त्यात जुलमी राजाबरोबर पुष्कळ निरपराध माणसांचेही बळी जात. इंग्लंडात चौदाव्या शतकापासून पार्लमेंट राजाच्या मंत्र्यांवर खटले चालवू लागली. पण खुद्द राजा त्या खटल्यांच्या कक्षेबाहेरच राहिला. राष्ट्रातील अत्यंत उच्च पदावरील व्यक्तीवर लोकांच्या प्रतिनिधींनी आरोप ठेवून चालविलेल्या अशा खटल्याला महाभियोग असे म्हणतात.

राष्ट्रप्रमुखालाही हा नियम लावावा की नाही, याचा एक संस्मरणीय वाद अमेरिकेत झाला. इंग्लंडच्या सत्तेतून मुक्त झालेल्या अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांची राज्यघटना तयार करण्यासाठी १७८७ साली फिलाडेल्फिया येथे परिषद भरली होती. देशाला राजा नको होता, पण राज्यकारभार पाहणारा एक अध्यक्ष हवा होता. त्याला मुदतीपूर्वी पदावरून दूर करण्याची तरतूद असावी काय, हा प्रश्न २० जुलै रोजी चर्चेस आला.

चार्ल्स पिंकनी व रुफस किंग यांना ही तरतूद नको होती. मुदत संपली की अध्यक्षाला पुन्हा निवडणुकीला तोंड द्यावे लागणार. तीच त्याची परीक्षा होय. मध्येच खटल्याची भीती घातली तर तो विधिमंडळाचा मिंधा होईल, असे त्यांचे म्हणणे होते. यावर जॉर्ज मेसन यांनी असा प्रश्न केला की, कोणताही मनुष्य न्यायाहून श्रेष्ठ असावा काय? आणि ज्याच्या हातून सर्वांत मोठा अन्याय घडू शकतो, त्याला तरी ही मोकळीक का असावी? एक्याऐंशी वर्षांचे वृद्ध बेंजामिन फ्रँकलिन यांनी वेगळाच मुद्दा मांडला. कायद्याचा मार्ग नसला म्हणजे लोक खुनाचा मार्ग धरतात. त्यात सत्ताधीशाचा प्राण तर जातोच, पण आपली बाजू मांडण्याची त्याची संधीही जाते. म्हणून दोषी असेल तर शिक्षा आणि निर्दोष असेल तर सन्मानाने मुक्तता, अशी सोय असणे अध्यक्षाच्याही हिताचेच आहे, असे त्यांनी पटवून दिले.

गव्हर्नूर मॉरिस हे आरंभी या तरतुदीच्या विरुद्ध होते. परंतु चर्चा ऐकून आपले मत बदलल्याचे त्यांनी भर सभेत सांगितले. असे सांगण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. अखेर आठ राज्यांनी तरतुदीच्या बाजूने व दोन राज्यांनी विरुद्ध मत दिले.

पुढे प्रश्न आला, तो कोणत्या अपराधासाठी खटला भरावा याचा. मसुद्यात देशद्रोह व लाचखोरी एवढेच अपराध होते. ८ सप्टेंबर रोजी मेसन यांनी वॉरन हेस्टिंग्जचे उदाहरण दिले. ज्याच्या कारकिर्दीत १७८२ साली मराठे व इंग्रज यांच्यात सालबाईचा तह झाला, तोच हा गव्हर्नर जनरल. हिंदुस्थानातील त्याच्या कारभाराबद्दल इंग्लंडात त्या वेळी त्याच्यावर महाभियोगाची सिद्धता चालली होती. १७८८ साली सुरू झालेला तो खटला १७९५ साली त्याच्या निर्दोष सुटकेने संपला. अशा माणसाची कृत्ये देशद्रोहाच्या व्याख्येत बसत नाहीत, म्हणून ‘गैरकारभार’ हा शब्द घालावा, असे मेसन यांनी सुचविले. परंतु जेम्स मॅडिसन यांनी त्यातील धोका दाखविला. इतका सैल शब्द घातला तर सेनेट या वरिष्ठ सभागृहाची मर्जी असेल तोवरच अध्यक्ष टिकेल! शेवटी देशद्रोह, लाचखोरी व तत्सम अन्य घोर अपराध, असा मधला मार्ग स्वीकारण्यात आला.

आरोप ठेवणारा आणि न्याय देणारा एकच नसावा, ही काळजीही घटनाकारांनी घेतली. प्रतिनिधिगृहाने साध्या बहुमताने आरोप ठेवावयाचा. सेनेटने शपथ घेऊन खटला चालवावयाचा. अध्यक्षावरील खटल्यात देशाच्या सरन्यायाधीशाने अध्यक्षस्थानी बसावयाचे. आणि उपस्थित सेनेटरांपैकी दोन-तृतीयांश मते पडली तरच दोषी ठरवावयाचे. आरोप ठेवणे सोपे, पण पदच्युत करणे कठीण, अशी ही योजना आहे.

या योजनेची पहिली मोठी कसोटी १८६८ साली लागली. चार वर्षांच्या यादवी युद्धानंतर अमेरिकेतील सुमारे चाळीस लाख गुलाम मुक्त झाले होते. अध्यक्ष अब्राहम लिंकन यांचा एप्रिल १८६५ मध्ये खून झाला आणि उपाध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन अध्यक्ष झाले. गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांना नागरिकत्वाचे हक्क देणारा कायदा संसदेने १८६६ साली संमत केला. जॉन्सन यांनी तो नाकारला. संसदेने त्यांचा नकार डावलून कायदा पक्का केला. तेव्हापासून दोघांत उघड वैर माजले. सेनेटच्या संमतीवाचून अध्यक्षाने काही अधिकाऱ्यांना काढू नये, असा कायदा संसदेने १८६७ साली केला. २१ फेब्रुवारी १८६८ रोजी जॉन्सन यांनी युद्धमंत्री एडविन स्टँटन यांना बडतर्फ केले. स्टँटन यांनी जागा सोडण्यास नकार दिला व ते आपल्या कचेरीतच ठाण मांडून बसले. तीनच दिवसांनी प्रतिनिधिगृहाने १२६ विरुद्ध ४७ मतांनी अध्यक्षावर महाभियोग चालविण्याचे ठरविले.

खटला पाहण्यासाठी इतकी गर्दी होऊ लागली की सज्जात बसण्यास प्रवेशपत्रिका द्याव्या लागल्या. अध्यक्षाने कायदा धुडकावला, असे आरोप करणारे म्हणत. स्टँटन यांची नेमणूक लिंकन यांनी केलेली असल्यामुळे तो कायदा त्यांना लागूच नाही, असे अध्यक्षाचे वकील म्हणत. सेनेटर होते चोपन्न. दोषी ठरविण्यास छत्तीस मते हवी होती. १६ मे रोजी एकेकाचे नाव पुकारून मत विचारण्यात आले. आजारी पडलेले सेनेटर ग्राइम्स यांना उचलून आणावे लागले. पस्तीस मते ‘दोषी’ अशी पडली व एकोणीस ‘निर्दोष’ अशी. केवळ एका मताने जॉन्सन यांचे पद वाचले!

विरोधी रिपब्लिकन पक्षाच्या सात सेनेटरांनी पक्षाचा रोष पत्करून अध्यक्षास निर्दोष ठरविले होते. त्यांपैकी एकही पुढे सेनेटवर पुन्हा निवडून आला नाही. त्या सर्वांचे हेतू सारखेच शुद्ध होते काय, याविषयी इतिहासकारांत आजही एकमत नाही. दुसऱ्या बाजूस, जॉन्सन पदच्युत होताच ज्यांना अध्यक्षपद मिळावयाचे होते, त्या सेनेटर वेड यांनी स्वतःही ‘दोषी’ असे मत दिले होते. ज्याचा निकालात लाभ आहे त्यानेच न्यायाला बसावे काय?

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. जॉन्सन सुटले, म्हणून त्यांचे धोरण न्याय्य होते असे नव्हे. मुक्त झालेल्या गुलामांच्या हक्कांच्या आड ते आले, हा इतिहासाने त्यांच्यावर ठेवलेला ठपका आजही कायम आहे. परंतु त्यांच्यावरील प्रमुख आरोप एका मंत्र्याच्या बडतर्फीचा होता. आणि ज्या कायद्याच्या आधारे तो ठेवला, तशा प्रकारचा कायदाच घटनाबाह्य आहे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२६ साली ठरविले. नावडते धोरण हा एक प्रश्न आणि सिद्ध झालेला अपराध हा दुसरा. या दोहोंची गल्लत होऊ न देणे, हीच महाभियोगाच्या वादातील खरी कठीण गोष्ट होय.

पुढे १९७४ साली अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्यावर प्रतिनिधिगृहाच्या समितीने आरोप मंजूर केले. तेव्हा खटल्यापूर्वीच त्यांनी राजीनामा दिला. १९९८ मध्ये बिल क्लिंटन यांच्यावर, तसेच २०१९ व २०२१ मध्ये दोन वेळा डोनाल्ड ट्रंप यांच्यावर महाभियोग झाले. परंतु त्या तिन्ही खटल्यांत सेनेटमध्ये दोन-तृतीयांश मते पडली नाहीत.

आपल्या भारताच्या राज्यघटनेतही ही तरतूद आहे. ६१ व्या अनुच्छेदानुसार राष्ट्रपतींवर ‘संविधानाचा भंग’ याच कारणासाठी महाभियोग चालविता येतो. त्यासाठी सभागृहाच्या एक-चतुर्थांश सदस्यांच्या सहीची चौदा दिवसांची लेखी सूचना लागते. एका सभागृहाने एकूण सदस्यांच्या दोन-तृतीयांश बहुमताने आरोप ठेवावयाचा व दुसऱ्याने चौकशी करून तितक्याच बहुमताने निर्णय द्यावयाचा. आपली बाजू मांडण्याचा हक्क राष्ट्रपतींना आहे. आजवर एकाही राष्ट्रपतींवर असा प्रसंग आलेला नाही. पंतप्रधानांना मात्र अपराध सिद्ध न होताही, केवळ लोकसभेचा विश्वास गमावल्याने पद सोडावे लागते. १७ एप्रिल १९९९ रोजी अटलबिहारी वाजपेयी यांचे सरकार २६९ विरुद्ध २७० अशा एकाच मताने पडले.

मुलांनो, पद मोठे आहे म्हणून अपराधाकडे डोळेझाक करावयाची नाही आणि माणूस नावडता आहे म्हणून अपराध कल्पावयाचा नाही. लोकशाहीला या दोन्ही गोष्टींची सारखीच गरज आहे. उद्या तुमच्या वर्गाच्या मंत्र्याविरुद्ध तक्रार आली, तर प्रथम ती नेमकी कशाबद्दल आहे ते विचारा, पुरावा मागा, त्याचे म्हणणे पूर्ण ऐका आणि मगच हात वर करा. राष्ट्राच्या सभागृहातील न्यायबुद्धी अशाच लहान सभांतून घडत असते.

स्वाध्याय

१. फ्रँकलिन यांनी महाभियोगाची तरतूद अध्यक्षाच्याही हिताची का मानली?
२. ‘गैरकारभार’ या शब्दाला मॅडिसन यांनी कोणता आक्षेप घेतला?
३. आरोप ठेवणारे व न्याय देणारे वेगवेगळे का असावेत? तुमच्या शब्दांत लिहा.
४. वर्गात दोन पक्ष करून चर्चा करा : ‘जॉन्सन यांना पदच्युत करावयास हवे होते.’