जाड दांडा, घट्ट बोल्ट

भुसावळचं नाव निघालं की आगगाडीच आठवते, आणि ते रास्तही आहे. १८६७ साली मुंबईचा लोहमार्ग इथून पुढे नागपूरला पोचला. त्यानंतर शतकभर इथले कारागीर वाफेच्या इंजिनांचे दांडे आणि बेअरिंगं सांभाळत आले. पोटात इंधन जाळणारं इंजिन मात्र खानदेशात मुरलं ते विहिरीच्या काठी. रावेर-यावलच्या केळीला बारमाही पाणी हवं, आणि ते मोटेच्या आवाक्यातलं नव्हतं. साताऱ्याच्या कूपर कंपनीने १९३०च्या दशकात देशी डिझेल इंजिन बनवलं, १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली आणि पुढच्या तीन-चार दशकांत ऑइल इंजिन शेतीचा भाग झालं. या काळाबद्दल एक मत ठामपणे मांडलं जातं: जुनी संथ इंजिनं भरभक्कम होती, नवी हलकी आणि म्हणून नाजूक. इंजिनातल्या सगळ्यात कसोटीच्या जागेपुरतं, म्हणजे पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक यांच्या सांध्यापुरतं, हे मत मला उलटं वाटतं.

हिशेब करून पाहू. जुन्यांपैकी लिस्टर पद्धतीचं सहा अश्वशक्तीचं संथ इंजिन मिनिटाला ६५० फेरे घेई आणि त्याच्या पिस्टनची धाव साडेपाच इंचांची. किर्लोस्करचं पाच अश्वशक्तीचं एव्ही-१ मिनिटाला १५०० फेरे घेतं, धाव ११० मिलिमीटर. पिस्टन वर जाऊन थांबतो आणि उलटा फिरतो, तिथे त्याला लागणारा झटका त्रिज्येच्या प्रमाणात वाढतो आणि फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात. त्यामुळे धाव कमी असूनही दुसऱ्या इंजिनात दर किलो वजनामागे चौपटीहून अधिक ओढ पडते. आता यावर उपाय म्हणून रॉड जाड केला, तर त्याचं वाढलेलं वजनच ती ओढ वाढवतं. जाडी कामाला आली ती फेरे कमी होते म्हणून. जुनं इंजिन टिकलं यात शंका नाही, पण त्याच्या सांध्याची खरी परीक्षा कधी झालीच नाही.

ही परीक्षा कुठे होते हे पाहण्यासारखं आहे. स्फोटाच्या वेळी रॉड दाबला जातो, आणि दाब पोलाद सहज सोसतं. धूर बाहेर टाकणारी धाव संपताना मात्र पिस्टनवर वायूचा अडसर उरत नाही. वर निघालेल्या पिस्टनला रॉड खाली खेचून आणतो आणि ती सारी ओढ रॉडच्या क्रँककडच्या मोठ्या टोकाच्या टोपीवर, म्हणजे सहसा दोन बोल्टांवर येते. मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या इंजिनात असं दर दुसऱ्या फेऱ्याला, म्हणजे तासाला ४५ हजार वेळा घडतं. एका झटक्याने न तुटणारं पोलाद पुन्हा पुन्हा पडणाऱ्या ताणाने थकून तुटतं, हे जर्मनीत व्योलरने एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या आसांवरच सिद्ध केलं होतं. (भुसावळकरांनी हा मान आपल्याच धंद्याचा मानायला हरकत नाही.) बोल्ट आधीच पुरेसा ताणून बसवला तर टोपी आणि रॉड एकमेकांवर दाबून राहतात, बाहेरची ओढ मुख्यतः तो दाब कमी करण्यात खर्ची पडते आणि बोल्टाच्या वाट्याला तिचा थोडाच भाग येतो. तोच बोल्ट ढिला असेल तर प्रत्येक फेऱ्याची पूर्ण ओढ तो सोसतो. म्हणजे जाड पण सैल बोल्टापेक्षा बारीक पण नेमका कसलेला बोल्ट अधिक जगतो. बोल्ट मोजून कसणारा टॉर्क पाना म्हणजे चोचले नव्हेत, सांध्याची निम्मी ताकद त्यात आहे.

बेअरिंगचंही तसंच. व्हाइट मेटलचा जाड थर मऊ, तो लवकर थकून तडकतो. पोलादी पाठीवरचा पातळ थर जास्त ताण झेलतो. अशा बेअरिंगचे, म्हणजे शेलचे, दोन्ही अर्धे भाग बसायच्या जागेपेक्षा किंचित लांब ठेवतात, म्हणजे टोपी कसताना ते चेपून बसायच्या जागेला घट्ट चिकटतात आणि उष्णता बाहेर जाते. पळीने उडवलेल्या तेलाऐवजी पंपाने क्रँकच्या छिद्रांतून दाबलेलं तेल आलं, तेव्हा चालू इंजिनात धातूला धातू टेकणंच बहुतेक थांबलं.

कोणी म्हणेल, हे सारं श्रेय चांगल्या पोलादाचं. पोलाद सुधारलं खरं. १९६१ साली पुण्यात स्थापन झालेल्या भारत फोर्जसारख्या कारखान्यांनी घडीव क्रँकशाफ्ट देशातच उपलब्ध केले. पण पोलाद जितकं कणखर, तितकं ते ओरखड्याला आणि तीक्ष्ण कोपऱ्याला जास्त भितं. क्रँकच्या कोपऱ्याची गोलाई बिघडलेली असेल तर उंची पोलाद वाया जातं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: जुनं बेअरिंग गावातला मिस्त्री ओतून, खरवडून, टोपीखालची पत्री काढून पुन्हा बसवू शकत होता. नव्या शेलसाठी क्रँक मायक्रोमीटरनेच मोजावा लागतो आणि शेल घासून जमवलेलं चालत नाही. १९९०च्या दशकापासून गाड्यांच्या इंजिनांत रॉडची टोपी मुद्दाम तडकवून वेगळी करण्याची पद्धत रुळली. तिचे खडबडीत काठ फक्त आपल्याच रॉडवर बसतात, दुसरी टोपी लावताच येत नाही. शेतकऱ्याचा हा तोटा खरा आहे आणि सुटे भाग विकणारे त्याबद्दल फारसं बोलत नाहीत. पण तो दुरुस्तीचा तोटा आहे, सांध्याच्या कमजोरीचा पुरावा नव्हे. रॉड मोडून इंजिनाची भिंत फोडतो तेव्हा आधी पाहावं ते तेल किती जुनं होतं आणि बोल्ट कोणी, कशाने कसले होते.