हिराल्दा : एका मनोऱ्याची आणि त्यातील घंटांची कथा

घंटा हे वाद्य आपल्याला नवे नाही. देवळात पाऊल टाकताच हात आपोआप वर जातो तो घंटेकडेच. पण आपल्याकडे घंटा भक्त वाजवतो आणि ती देवासाठी असते. युरोपातील चर्चची घंटा उंच मनोऱ्यावर असते, ती गावासाठी वाजते. प्रार्थनेची वेळ, लग्न, मृत्यू, आग, शत्रूची चाल, सारे काही पूर्वी गावाला घंटेकडूनच कळत असे. स्पेनमध्ये ही घंटांची भाषा विशेष समृद्ध झाली. तिचा परिचय करून घ्यायचा, तर सेव्हिल शहरातील ‘हिराल्दा’ या मनोऱ्यासारखे दुसरे ठिकाण नाही.

हा मनोरा मुळात घंटांसाठी बांधलेला नाही. बाराव्या शतकात सेव्हिल हे अल्मोहाद खलिफांच्या राज्यातील वैभवशाली नगर होते. तेथील मोठ्या मशिदीचा मिनार म्हणून ११८४ मध्ये याचे बांधकाम सुरू झाले आणि ११९८ मध्ये शिखरावर धातूचे झळाळते गोल बसवून ते पूर्ण झाले. पायासाठी जुन्या रोमन इमारतींचे दगड वापरले गेले. त्यांतील काहींवरची लॅटिन अक्षरे आजही दिसतात. वरचे काम विटांचे आहे. मनोऱ्याच्या आत जिना नाही, पस्तीस उतरणी एकीवर एक वळत वर जातात. अजान देणाऱ्याला जनावरावर बसून वर जाता यावे म्हणून ही सोय केली, असे सांगतात.

१२४८ मध्ये कॅस्टिलचा राजा तिसरा फर्डिनंड याने सेव्हिल जिंकले. मशिदीचे चर्च झाले. शहर सोडण्यापूर्वी मुसलमानांनी मिनार पाडण्याची परवानगी मागितली, तेव्हा ‘एक वीट जरी हलली तरी सर्वांची कत्तल होईल’ असे राजपुत्र अल्फान्सोने बजावले, अशी आख्यायिका आहे. कथेतील खरे-खोटे काहीही असो, मनोरा राहिला. पुढे १४०१ मध्ये मशीद पाडून नवे भव्य कॅथीड्रल उभारण्याचे ठरले, तेव्हाही मनोरा आणि संत्र्याच्या झाडांचे अंगण एवढे मात्र राखले गेले.

१३५६ च्या भूकंपात शिखरावरचे गोल कोसळले होते. १५५८ ते १५६८ या काळात एर्नान रुइझ या वास्तुविशारदाने जुन्या मिनारावर घंटाघराचे नवे मजले चढवले. सर्वांत वर ‘श्रद्धेचा विजय’ दर्शवणारी स्त्रीमूर्ती बसवली. ही काशाची प्रचंड मूर्ती वाऱ्याबरोबर फिरते. स्पॅनिशमध्ये ‘हिरार’ म्हणजे फिरणे, त्यावरूनच मनोऱ्याला हिराल्दा हे नाव पडले. ‘डॉन किहोटे’च्या १६१५ मधील दुसऱ्या भागात एक सरदार या मूर्तीला आपण द्वंद्वाचे आव्हान दिले, अशी बढाई मारतो! मूर्तीसह मनोऱ्याची उंची शंभर मीटरांहून थोडी अधिक भरते. खालचा भाग मुसलमान गवंड्यांचा, वरचा ख्रिस्ती गवंड्यांचा. तरीही पाहणाऱ्याला सांधा खुपत नाही, हे रुइझचे मोठेपण.

आता घंटांकडे वळू. हिराल्दावर चोवीस घंटा आहेत. प्रत्येकीला नाव आहे. सर्वांत मोठी ‘सांता मारिया ला मायोर’. ख्रिस्ती प्रथेप्रमाणे घंटेला टांगण्यापूर्वी धर्मगुरू आशीर्वाद देतो, नाव ठेवतो. म्हणजे तिचे बारसेच होते म्हणा ना!

घंटा ओतण्याची जुनी रीत आपल्या ओताऱ्यांना अपरिचित वाटणार नाही. विटा व माती यांचा गाभा करायचा, त्यावर मातीचीच खोटी घंटा घडवायची, तिच्यावर बाहेरचा साचा चढवायचा. मग साचा उचलून खोटी घंटा काढून टाकायची आणि त्या पोकळीत वितळलेले कासे ओतायचे. ढोबळमानाने तांबे चार भाग, कथील एक भाग. कथिलामुळे नाद खणखणीत येतो, पण धातू ठिसूळही होतो. म्हणून घंटेला तडा गेला की बहुधा ती वितळवून पुन्हा ओतावी लागते. जुन्या मनोऱ्यावर निरनिराळ्या शतकांच्या घंटा शेजारी शेजारी दिसतात, त्याचे हे एक कारण होय.

वाजवण्याची तऱ्हाही निराळी. काही घंटा स्थिर असतात, त्यांचा फक्त लोलक दोरीने हलवतात. काहींच्या डोक्यावर मात्र लाकडाचे जड जू बसवलेले असते. घंटेचे वजन आणि जुवाचे वजन यांचा तोल साधला की ती संपूर्ण घंटाच गरगर फिरवता येते. सेव्हिलजवळच्या उत्रेरा गावचे घंटावादक तर फिरत्या घंटेबरोबर स्वतःही वर उचलले जातात. हे काम बळाइतकेच तालाचे आणि धाडसाचे आहे.

घंटांच्या वाट्याला जेत्यांचा रोषही आला. ९९७ मध्ये अल-मन्सूरने सांतियागोचे चर्च लुटले आणि तेथील घंटा ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यांवरून कॉर्दोबाला नेल्या. मशिदीत त्यांचे दिवे झाले. १२३६ मध्ये कॉर्दोबा पडल्यावर त्याच घंटा मुसलमान कैद्यांच्या खांद्यांवरून परत गेल्या, असे इतिवृत्तकार सांगतात. हे वाचताना मराठी वाचकाला वसई आठवल्यावाचून राहणार नाही. १७३९ च्या विजयानंतर मराठ्यांनी आणलेल्या पोर्तुगीज चर्चच्या घंटा भीमाशंकरला, मेणवलीला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात आजही आहेत. फरक एवढाच, की आपल्याकडे त्या घंटाच राहिल्या. देव बदलला, नाद तोच राहिला.

विसाव्या शतकात घंटांवर दोन संकटे आली. १९३६ ते १९३९ च्या यादवी युद्धात अनेक घंटा फोडल्या, वितळवल्या गेल्या. दुसरे संकट शांतपणे आले. विजेच्या मोटारी बसल्या आणि घंटावादकाची गरज संपली. त्याच्याबरोबर मृत्यूचा ठोका कसा, सणाचा कसा, आगीचा कसा, हे पिढ्यान्‌पिढ्यांचे ज्ञानही विरू लागले. कारण ते कागदावर फारसे नव्हते, हातात होते. सुदैवाने वालेन्सिया प्रांतातील अल्बायदासारख्या गावांतून तरुणांनी दोर पुन्हा हाती घेतले. २०२२ मध्ये युनेस्कोने स्पेनमधील हाताने घंटा वाजवण्याच्या परंपरेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. हिराल्दासह सेव्हिलचे कॅथीड्रल १९८७ पासूनच जागतिक वारसा आहे.

दगड-विटांचा वारसा पहारा ठेवून जपता येतो. नादाचा वारसा जपायचा तर कोणाला तरी रोज मनोरा चढावा लागतो, आणि वाजवणाऱ्याला आपल्यामागे एक शिकणारा तयार करावा लागतो. आपल्या देवळांतला चौघडा आणि नगारा आता जागोजागी विजेवर वाजू लागला आहे. त्याच्या मूळ हातांकडून शिकून घेण्याची वेळ अजून गेलेली नाही, एवढे हिराल्दाच्या घंटांकडून आपण ऐकले तरी पुरे.